लहान मुलाबरोबर घरात बसून ऋतू बघायचे तर नेमकं काय काय करता येतं?

निवांत_दुपार
मूल तीन ते पाच वर्षांचं, घर वरच्या मजल्यावर, अंगण नाही. एक मोठी खिडकी आणि उभं राहण्यापुरती गॅलरी. एवढ्या जागेत ऋतू बदलतोय हे मुलाला खरंच दिसावं, हाताला लागावं, त्यात मजा यावी, यासाठी काय करता येईल?
अटी तीन. रोज पाच-सात मिनिटांवर वेळ नको. फार सामान नको. आणि पंधरा दिवसांत धूळ खात पडेल असं काही नको. भिंतीवर ‘आजचं हवामान’ तक्ता लावून ढग-सूर्य चिकटवायचा प्रकार दुसऱ्याच आठवड्यात का मरतो, हेही कुणी सांगितलं तर बरं. ‘बाहेर फिरायला न्या’ हे उत्तर कृपया नको, ते ठाऊक आहे.

खिडकीवाला
एकच गोष्ट करायची असेल तर कवडसा. खर्च शून्य आणि मुलाला लिहिता-वाचता यायची गरज नाही.
काळ्या कागदाचा ४ ते ५ सेंमी व्यासाचा गोल कापून काचेवर आतून चिकटवा, जमिनीपासून साधारण १ मीटर उंचीवर. त्याची सावली फरशीवर पडते. आठवड्यातून एकदा, घड्याळात ठरलेल्या वेळी (दुपारी बाराच्या आसपास उत्तम), मुलाने त्या सावलीच्या मध्यावर कागदी टेपचा तुकडा लावायचा. तुम्ही त्यावर तारीख टाका. संपलं काम.
बटणाएवढा गोल लावू नका. सूर्य म्हणजे टिंब नव्हे, आकाशात तो अर्धा अंश रुंद दिसतो, त्यामुळे सावलीची कड दर मीटर अंतराला साधारण ९ मिलिमीटर विरत जाते. दोन मीटरवर बटणाची सावली म्हणजे नुसता धुरकट डाग. मुलाला तो दिसत नाही, दिसला तरी पटत नाही.
गंमत पुढे आहे. २१ जून आणि २१-२२ डिसेंबरच्या आसपास टेपचे तुकडे जवळजवळ एकावर एक येतात, आठवड्यात बोटभरही सरकत नाहीत. मार्चच्या आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मात्र टणाटण उड्या. तेव्हा दुपारचा सूर्य रोज सुमारे ०.४ अंश वर किंवा खाली जातो. तो ४५ अंशांवर असेल तर १ मीटर उंचीच्या गोलाची सावली आठवड्यात १० सेंमी तरी हलते. ‘पुढचा तुकडा कुठे पडेल?’ असं विचारून मुलाला तिथे एक खेळणं ठेवायला सांगा. पैज चुकली तर मूल जास्त खूश होतं.

सावली_प्रिय
+१. मात्र काचेच्या खिडकीला दोन पल्ले असतील तर गोल न सरकणाऱ्या पल्ल्यावर लावा. साधी गोष्ट आहे, पण बहुतेक घरांत सावली ‘चुकते’ ती इथेच.

उलटी_दिशा
हे सगळं विषुववृत्ताकडे (उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे) तोंड असलेल्या खिडकीचं झालं. खिडकी बरोबर उलट दिशेला असेल तर काय, दिवा लावायचा?

खिडकीवाला
@उलटी_दिशा, दिव्याची गरज नाही. अशा खिडकीत वर्षातले काही महिनेच सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन शिरतं. ते कोणत्या दिवशी पहिल्यांदा आलं आणि कोणत्या दिवशी शेवटचं, एवढ्या दोन तारखा दाराच्या चौकटीवर लिहा. पूर्व-पश्चिम खिडकी असेल तर आणखी सोपं: उगवता किंवा मावळता सूर्य समोरच्या कोणत्या इमारतीच्या, खांबाच्या, झाडाच्या मागे आहे ते बघा. विषुववृत्तावरसुद्धा उगवण्याची जागा वर्षभरात ४७ अंश सरकते, ध्रुवांकडे जाल तशी त्याहून जास्त. मुलाला थेट सूर्याकडे बघू देऊ नका, उजेड कुठून येतो तेवढं पुरे.

गणिती_डोकं
एक दुरुस्ती. घड्याळाची वेळ तीच ठेवली तरी सूर्य घड्याळाप्रमाणे चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो घड्याळाच्या सुमारे १६ मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे १४ मिनिटं मागे (या फरकाला कालसमीकरण म्हणतात). म्हणून वर्षभराचे तुकडे सरळ रेषेत येणार नाहीत. त्यांचा मधे आवळलेला, एक फुगा लहान आणि एक मोठा असा लांबट आकार होईल. फरशी वाकडी आहे असं समजू नका. आणि जिथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात तिथे तेवढे महिने तासभर उशिरा खूण करा, नाहीतर मधेच सगळी माळ एका बाजूला उडी मारेल.

मिस्कील_मांजर
तीन वर्षांच्या मुलाला कालसमीकरण. पुढच्या वर्षी बहुधा समाकलन. मूल शाळेत जाईल तेव्हा बाईच रजेवर जातील.

कोरडा_ठाक
ऊन झालं, आता ओलावा. त्याच्याकडे कुणी बघत नाही, खरं तर मुलाच्या हाताला सगळ्यात आधी तोच लागतो.
एक सुती रुमाल कायमचा ठरवा. कोरडा असताना स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, समजा २० ग्रॅम. ओला करून पिळा आणि ५० ग्रॅम भरेपर्यंत पाणी शिंपडा किंवा आणखी पिळा. म्हणजे दर वेळी बरोबर ३० ग्रॅम पाणी. मग ठरलेल्या खुंटीवर, पंखा बंद ठेवून, एकेरी पसरून टाका. मूल अधूनमधून गालाला लावून बघेल: ओला, ओलसर, कोरडा. ‘कोरडा’ झाल्याची वेळ लिहायची. महिन्यातून दोनदा पुरे.
घोळ दोन ठिकाणी होतो. रुमाल दुमडून टाकला तर ऋतू नव्हे, घडी मोजली जाते. आणि थंडीत घर गरम करणारं यंत्र चालू असेल तर रुमाल चटकन वाळतो आणि मोठी माणसं बुचकळ्यात पडतात. कारण सोपं आहे: बाहेरच्या थंड हवेत बाष्प कमी मावतं, तीच हवा आत येऊन तापली की फारच कोरडी ठरते. ओठ फुटतात तेही म्हणूनच.

पागोळी
@कोरडा_ठाक मस्त. यात पर्जन्यमापकाची भर घालते, कारण गॅलरीतल्या बाटल्यांचं बहुतेक वेळा चुकतंच.
सरळ कडांची प्लास्टिकची बाटली घ्या. जिथे ती गळ्याकडे निमुळती व्हायला लागते तिथे कापा, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. कापलेल्या कडेवर टेप लावा, बोट कापतं. बाटलीचा तळ खाचांचा असतो, तिथे मिलिमीटरला अर्थ नाही. म्हणून तळाशी खडे घाला, खाचा बुडून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी ओता आणि तिथे शून्याची रेघ मारा. पट्टी त्या रेघेपासून वर. पाणी ओतून दिलं की दर वेळी पुन्हा शून्यापर्यंत भरायचं, हे सगळे विसरतात.
१ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. हे मुलाला सांगू नका, दाखवा: एक मीटर लांब-रुंद चौकोन आखायचा आणि त्यात लिटरची बाटली ठेवायची.
नरसाळं बाटलीपेक्षा रुंद असेल तर क्षेत्रफळाच्या पटीने भागा. १० सेंमीचं नरसाळं आणि ५ सेंमीची नळी असेल तर पाणी चौपट चढतं. लहान मुलाला हे उलट बरं, रिमझिम पाऊसही दिसतो. खाण्याच्या रंगाचा एक थेंब टाका, पातळी ठळक होते. वाचताना डोळा पाण्याच्या रेषेत आणा, वरून बघितलं की आकडा चुकतो.

निरभ्र
गॅलरीत ठेवलेल्या बाटलीवर भरवसा नको. पाऊस तिरपा येतो, भिंत अर्धा अडवते. अडथळा जितका उंच त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक असावा, म्हणजे फ्लॅटवाल्यांनी विसरा.

पागोळी
@निरभ्र, हवामान खात्याच्या आकड्याशी ताडून बघायचं असेल तर बरोबर. पण बाटली कठड्याच्या त्याच कोपऱ्यात राहिली तर कालच्यापेक्षा आज जास्त की कमी एवढं कळतं, आणि चार वर्षांच्या मुलाचा प्रश्न तेवढाच असतो. वाऱ्याची दिशा ऋतूबरोबर पालटली की त्याच बाटलीत अचानक काहीच पडेनासं होतं. ही चूक नव्हे, बातमी आहे. फक्त बाटली कठड्याला तारेने बांधा, खाली माणसं चालतात.

काळजीवाहू
उत्साहावर पाणी टाकतोय, पण हे आधी वाचा.
डिजिटल तापमापकात बऱ्याचदा नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. मुलाने गिळली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. ज्याचं झाकण स्क्रूने बसतं तेच यंत्र घ्या, आणि तेही उंचावर. शंका आली तर वाट न बघता थेट दवाखाना. पाऱ्याचा तापमापक घरात नकोच. काचेचा हवा असेल तर लाल द्रवाचा घ्या.
टब, बादली, पावसाचं पाणी साठवलेलं घमेलं लगेच रिकामं करा. लहान मूल ५ सेंमी पाण्यातही बुडू शकतं. डासांचंही तेच, उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पर्जन्यमापकही त्यात आला.
बिया, खडे, शिंपले: टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जे आरपार जातं ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नका. कण्हेर आणि एरंड तर घरात आणूच नका, दोन्ही विषारी.

तीन_तेरा
‘तक्ता का मरतो?’ याला अजून कुणी हात घातलेला नाही. माझं मत: तक्त्यात काल आणि आज शेजारी दिसत नाहीत. एक ढग काढला, दुसरा लावला, पहिल्याची खूण राहिली नाही. मुलाला रोज नवा आदेश मिळतो, साठत काहीच नाही.
साठणारं काहीतरी हवं. कागदी साखळी बघा. रंगीत कागदाच्या २ सेंमी रुंद, १० सेंमी लांब पट्ट्या. रोज एक कडी, रंग त्या दिवशीच्या तापमानाप्रमाणे. एक कडी साखळीत साधारण अडीच सेंमी जागा घेते, म्हणजे वर्षाची साखळी ९ मीटरच्या आसपास. लहान खोलीला वरून जवळजवळ एक फेरा घालता येतो.
रंग ठरवताना घाई होते. इंटरनेटवरचा ५-५ अंशांचा तक्ता उचलला आणि तुमच्याकडचं तापमान वर्षभर २२ ते ३४ च्या मधेच फिरत असेल, तर अख्खं वर्ष दोन-तीन रंगांत संपतं. आधी आपल्या गावाचं वर्षातलं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त दुपारचं तापमान बघा, त्या अंतराचे सात-आठ भाग करा, तेवढेच रंग घ्या. तापमापक सावलीत, भिंतीपासून सुटा, जमिनीपासून दीड मीटर वर. तापलेल्या भिंतीला टेकवला तर तो भिंतीचंच तापमान सांगेल.

मोकळं_आकाश
इतकी मोजमापं वाचून दमायला झालं. मूळ धाग्यात ‘मजा यावी’ असं म्हटलंय, प्रयोगशाळा काढा असं नाही. ऋतू नाकाने आणि कातडीनेही कळतो ना? खिडकी उघडा, डोळे मिटा, मिनिटभर गप्प बसा. मग एकच प्रश्न: काय ऐकू आलं? पट्टी नको, टेप नको.
मातीचा वास हवा असेल तर कुंडीतली माती ताटलीत पातळ पसरून चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा, मग हातभर उंचीवरून ड्रॉपरने थेंब टाका आणि नाक जवळ न्या. थेंब पडताना मातीतली हवा बारीक बुडबुड्यांनी वर फुटते आणि वास घेऊन उडते. पाणी एकदम ओतलं तर वास दबतो. पाकिटातलं निर्जंतुक मिश्रण वापरलं तर फारसं काही येणार नाही, कारण तो वास मातीतल्या जिवाणूंनी केलेल्या जिओस्मिनचा.

तीन_तेरा
@मोकळं_आकाश, थेंब हातभर उंचीवरून, चार-पाच दिवस वाळवून, ड्रॉपरने. हे मोजमाप नाही वाटतं? ;)

मोकळं_आकाश
पकडलंत. पण लिहून ठेवा असं तर म्हटलं नाही!

बीजांकुर
दोघांचं जमवणारा मार्ग: बी. दर ऋतूत त्याच पाकिटातल्या १० बिया, तीच बरणी, तीच जागा.
राजमा मोठा असतो, मुलाला बघायला सोपा. कच्चा राजमा मात्र तोंडात जाऊ देऊ नका, चार-पाच दाण्यांनीही उलट्या होतात. तोंडात घालायची सवय असेल तर मूग घ्या. ८ ते १० तास भिजवा. दिवसभराहून जास्त भिजल्या तर आंबतात. काचेच्या सरळ बरणीला आतून टीपकागद लावा, मधे चुरगळलेला कागद कोंबा म्हणजे टीपकागद काचेला चिकटून राहतो. बिया काच आणि कागद यांच्यामध्ये, काठापासून ३ सेंमी खाली. तळाशी १ सेंमी पाणी, बाकीचं कागद वर ओढून घेतो.
बिया पाण्यात बुडाल्या की हवा मिळत नाही, कुजतात. बहुतेक बरण्या यानेच वाया जातात. गुलाबी-निळा लेप असलेल्या शेतीच्या बिया मुलाला देऊ नका, तो बुरशीनाशकाचा असतो.
खोली २५ अंशांच्या आसपास असेल तर दोन ते चार दिवसांत टरफल ताणलं जातं, चीर पडते आणि पांढरं टोक बाहेर येऊन लगेच खाली वळतं. दिवसभरात त्यावर बारीक लव दिसते. मुलाला ती बुरशी वाटते, मोठ्यांनाही वाटते. ती मूळरोमांची लव, पुसू नका. खरी बुरशी बीभोवती जाळ्यासारखी पसरते आणि कुबट वास येतो. १५ अंशांत हेच व्हायला आठवड्यावर जातो, १० च्या खाली बहुतेक बिया सडतात. ‘थंडीत बी झोपते का गं?’ हा प्रश्न मग मुलाकडूनच येतो.
एसी किंवा हीटर असलेल्या खोलीत बारा महिने निकाल सारखाच. बरणी खिडकीच्या काचेला खेटून ठेवा, पण थेट उन्हात नको, आत शिजतं. आणि वर्षभरासाठी पाकीट घट्ट डब्यात, थंड कोरड्या जागी. बी जुनी झाल्यामुळे उशीर झाला की थंडीमुळे, हे नाहीतर सांगता येत नाही.

उलटी_दिशा
ज्या भागात वर्षभर तापमान सारखंच, दिवसरात्रही सारखी, त्यांनी काय बघायचं? विषुववृत्तावर तर दिवस कायम १२ तास आणि वर जेमतेम ७ मिनिटांचा.

निरभ्र
@उलटी_दिशा, तिथे ऋतू पावसाने आणि वाऱ्याने ठरतो. पागोळी यांची बाटली तिथे जास्त कामाची. शिवाय कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामध्ये वर्षातून दोन दिवस भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या बाटलीची सावली तिच्या बुडाखाली लपते. विषुववृत्तावर हे मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनांना. खिडकीवाल्यांचा कवडसा त्या सुमारास खोलीतून गायब होतो आणि नंतर समोरच्या खिडकीतून शिरतो. हे दृश्य दूरच्या अक्षांशांवरच्यांना मिळतच नाही.
लांबच्यांना दुसरं सुख: २० अंश अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस साधारण १३ तास २० मिनिटं, सर्वांत लहान १० तास ५५ मिनिटं. ५० अंशांवर तोच फरक सुमारे १६ आणि ८ तासांचा. तिथे मूल उजेडात झोपायला जातं आणि भांडतं.

मिस्कील_मांजर
झोपेच्या भांडणाला अक्षांश लागत नाही.

प्रश्नचिन्ह
उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते असं मुलाला सांगितलं तर चालेल का? सोपं पडतं.

गणिती_डोकं
नको, उलटं आहे. सूर्य सर्वांत जवळ असतो जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किमीवर; जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर, सुमारे १५.२ कोटी. अंतराने ऋतू झाले असते तर दोन्ही गोलार्धांत उन्हाळा एकदमच आला असता. कारण आहे पृथ्वीच्या अक्षाचा २३.५ अंशांचा कल.
मुलाला टॉर्च द्या. सरळ खाली धरला की लहान झगझगीत गोल, तिरका धरला की मोठा फिकट अंडाकार. जमिनीशी ३० अंशांवर धरला तर तोच उजेड दुप्पट जागेत पसरतो. याहून जास्त पाच वर्षांपर्यंत सांगू नये. आणि सर्वांत मोठ्या दिवशी सर्वांत जास्त उकडायला हवं असा हट्ट नको. जमीन आणि पाणी तापायला काही आठवडे घेतात, समुद्राकाठी आणखी जास्त.

पानगळ
पानांबद्दल कुणीच नाही? खिडकीतून एकच झाड निवडा. काचेवर टेपने १० बाय १५ सेंमीची चौकट करा, त्यातून दिसतं तेवढंच बघायचं. फोटो काढायचा तर फोन खिडकीच्या कट्ट्यावर आखलेल्या रेघेत टेकवून. मुलाच्या हातात, त्याच्या डोळ्याच्या उंचीवरून काढले तर वर्षभरात चौकट सरकते, कारण या वयात उंची वर्षाला ६-७ सेंमी वाढते. झाडापेक्षा मूलच जास्त बदललेलं दिसेल.
पानं दाबताना वर्तमानपत्राचे चार-पाच थर, वर जड पुस्तकं, पहिले चार दिवस रोज कागद बदला. दमट हवेत न बदलल्यास तिसऱ्या दिवशी काळे ठिपके. पान कडक आणि गार न लागणारं झालं की तयार, एक ते दोन आठवडे. रसदार पानं यात जमत नाहीत. रंग टिकवायचा तर उजेडापासून दूर. लाल आधी उडतो, पिवळा जास्त तग धरतो. पिवळा तर पानात आधीपासूनच असतो, हिरवा ओसरला की दिसतो. लाल मात्र बहुतेक पानांत शेवटी नव्याने तयार होतो.
जिथे बर्फ पडतो त्यांनी सरळ बरणीत न दाबता १० सेंमी ताजा बर्फ भरून आत ठेवा. वितळून साधारण १ सेंमी पाणी उरतं. मुलं बरणी फुटली का ते तपासतात.

दव_बिंदू
गॅलरीवाल्यांसाठी: संध्याकाळी दोन सारख्या धातूच्या ताटल्या, एक छताखाली, एक उघड्या आकाशाखाली कठड्यावर बांधून. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री उघडीवर दव, छताखालची कोरडी. दव वरून पडतं म्हणून नव्हे, उघडी ताटली आकाशाकडे उष्णता टाकून जास्त थंड होते म्हणून. ढगाळ रात्री दोन्ही कोरड्या. मुलाने सकाळी बोट फिरवून बघायचं, दहा सेकंदांचं काम.

निवांत_दुपार
भरपूर मिळालं, आभार. रविवारी कवडसा, पंधरवड्यातून रुमाल, तीन महिन्यांतून एकदा बिया, एवढंच घेते. साखळी मोहात पाडतेय, पण रोजचं काम पेलणार नाही. एक शंका: टेप वर्षभर फरशीवर ठेवली तर डाग पडेल ना?

तीन_तेरा
साखळी आठवड्याची करा, ५२ कड्या, सव्वा मीटरच्या आसपास. दारावर मावते.

खिडकीवाला
पडतो, विशेषतः उन्हात. डिंक तापून फरशीत बसतो, लाकडी जमिनीवर तर टेपखालचा रंगही वेगळा राहतो. म्हणून खूण केली की त्याच दिवशी लांब कागदाच्या गुंडाळीवर उतरवून घ्या: कागदाचं एक टोक भिंतीला टेकवायचं, कडेला दोन ठिकाणी फरशीच्या सांध्याशी खुणा जुळवायच्या, सावली कागदावरच आखायची. मग कागद गुंडाळून कपाटात. आधीच डिंक राहिला असेल तर खाद्यतेलाचे दोन थेंब लावून दहा मिनिटं थांबा, कापडाने निघतो. पॉलिश न केलेल्या दगडावर मात्र तेल लावू नका, तो डाग जास्त पक्का.

सावली_प्रिय
आणि गुंडाळी मांजरापासून लांब.

मिस्कील_मांजर
निषेध.